ओल्या शाईची खूण

मित्रांनो, शिवणकामाच्या एका दुकानात, रिळांच्या बरण्या ठेवायच्या फळीवर, झाकण अर्धवट उघडं असलेला एक जुना लॅपटॉप तुम्हाला दिसला, तर तो मीच. माझ्या पडद्याला कोपऱ्यातून तडा गेला आहे. स्पेसची कळ निखळली आहे. बॅटरी फुगली म्हणून केव्हाच काढून टाकली, त्यामुळे भिंतीतली वायर निघाली की माझा प्राण गेलाच म्हणून समजा. असा हा माझा अवतार. तरीही जगातली सर्वांत मोठी नवलाची गोष्ट मी पाहिली, ती याच फळीवर बसून.

माझं तरुणपण एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत गेलं. एकसारख्या दिसणाऱ्या भावंडांच्या रांगेत मी बसायचो आणि मुलं माझ्यावर बेरजेपासून ग्रहांच्या कक्षांपर्यंत काय वाटेल ते करून बघायची. तिथली साहाय्यक स्वतः नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली होती, पण सगळे तिला ताईच म्हणत. एखादं यंत्र रुसलं की इतर लोक त्याला थापट्या मारतात. ताई ते उघडायची. "काय होतंय ते तूच सांग आता," असं पुटपुटत स्क्रू काढायची. पुढे नवी यंत्रं आली आणि आम्हा जुन्यांवर 'निकामी' अशी चिठ्ठी लागली. भंगारवाला यायच्या आधी ताईने रीतसर परवानगी काढली, मला पिशवीत घातलं आणि आपल्या गावच्या घरी नेलं.

ते घर मोठं बोलकं होतं, पण आवाजाने बोलणारं नव्हतं. ताईचे बाबा जन्मापासून बहिरे. तिचा दादाही बहिरा आणि दादाची बायको, म्हणजे ताईची वहिनी, तीही बहिरी. दादा दिवसभर फर्निचरच्या कारखान्यात असे. वहिनी घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवे. दाराचं बटण दाबलं की तिथे घंटी वाजत नसे, दिवा लागे. शिवणयंत्रासमोर आरसा होता, म्हणजे मान न वळवताही कोण आलं ते तिला दिसावं. सगळे हातांनी बोलत, आणि त्यांची नावंही हातांचीच. मधल्या बोटाच्या टोकावर टिचकी मारली की ती वहिनी, कारण तिथे तिचं अंगुस्तान असतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी. तोंडासमोर बोटं उघडमीट केली की ती ताई. म्हणजे 'बडबड'! घरात तोंडाने बोलणारी ती एकटीच, मग तिला दुसरं काय नाव पडणार?

बाबा छापखान्यात जुळारी होते. पूर्वी छपाईसाठी शिशाची एकेक अक्षरं असत. त्यांना खिळे म्हणत. खणांतून एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. यंत्रांचा गोंगाट इतका की ऐकणाऱ्यांचे कानही हळूहळू निकामी होत. "थोडी वर्षं थांबा," बाबा त्यांना खुणेने म्हणत, "तुम्हीही माझ्याच पंगतीत येऊन बसाल." तिथे बाबांसारखे आणखी काही कामगार होते. त्यांनी मिळून छापखान्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक हालचालीसाठी खुणा तयार केल्या. हे शब्द कुठल्याही पुस्तकात नाहीत. छापखाना बंद झाला, सोबती एकेक करून गेले, आणि ती सगळी भाषा एका माणसाच्या दोन हातांत उरली. त्यातला उजवा हात आता थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, थरथर कमी ठेवता येईल, थांबवता येणार नाही.

म्हणून वहिनीने घाई केली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती बाबांना खिडकीच्या उजेडात बसवे आणि फोनवर त्यांच्या खुणा टिपून घेई. ते व्हिडिओ ती सगळं जग जिथे जातं त्या ठिकाणी ठेवायची. नाव कशाला घ्यायचं? आपण त्याला मोठा चौक म्हणू. सुरुवातीला बरेच लोक बघायचे. मग चौकाने ते कमी लोकांना दाखवायला सुरुवात केली आणि प्रत्येक व्हिडिओमागे कानात घालायच्या यंत्राची जाहिरात लावली. बाबांना त्या जाहिरातीचं फार कौतुक. "हा बघ आला," ते म्हणत, "रोज मला कान विकायला येतो."

आणि एक दिवस वहिनीचं पानच नाहीसं झालं. कारण असं, की दोन ओळींमध्ये अंतर राहावं म्हणून जुळारी एक पातळ पट्टी घालतात, आणि त्या पट्टीची खूण करताना बाबांनी मधलं बोट उभं केलं होतं. चौकातल्या तपासनीस प्रोग्रामला ती शिवी वाटली.

ताई आधी पोट धरून हसली. "बाबांनी अख्ख्या जगाला बोट दाखवलं!" मग तिने तक्रार लिहिली. 'आपली तक्रार काळजीपूर्वक तपासली असून निर्णय कायम आहे' असं उत्तर आलं, आणि ते इतक्या झटपट आलं की तेवढ्या वेळात तक्रार वाचूनही झाली नसती. मग मात्र ताई हसली नाही. वहिनीच्या फोनवर जेवढं शिल्लक होतं, तेवढंच आता उरलं होतं.

सुट्टीच्या दिवशी नणंद-भावजयीची माझ्यासमोर बैठक झाली. मी माझ्या एकुलत्या डोळ्याने, म्हणजे कॅमेऱ्याने, ती पाहिली.

"आपण आपलं ठिकाण उभं करू," ताईने हातांनी सांगितलं. "याच्यावर."

वहिनीने कसर लागलेल्या कापडाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "याच्यावर? याला दोन शब्दांत जागा सोडता येत नाही!"

"त्याला लिहायचं नाहीये, सांभाळायचंय."

"आणि इथे येणार कोण? मोठ्या चौकात सगळं जग आहे. इथे तू, मी आणि बाबा. ते तर आपण जेवायला बसलो तरी होतं."

"तुझ्या फोनची कंपनी वेगळी, माझी वेगळी. तरी तुझा मेसेज मला येतो ना? हे तसंच. आपलं यंत्र आपल्या घरी, दुसऱ्यांचं त्यांच्या घरी. नियम ज्याचे त्याचे. पण सगळ्या यंत्रांना एक भाषा येते, म्हणून या घरातलं त्या घरात जातं."

"या सगळ्यांचा मालक कोण?"

"कुणीच नाही."

"मालकच नाही? मग बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या?"

"मला घाल."

"मग हरकत नाही," वहिनी म्हणाली. "ती सवय आहेच."

पहिला नियम वहिनीनेच केला: या घरात मधलं बोट चालेल.

मित्रांनो, माझ्या आयुष्याला खरी सुरुवात झाली ती तिथे. पहिले काही दिवस मी नुसताच फळीवर गुणगुणत होतो. वहिनीने बाबांचे उरलेले व्हिडिओ माझ्यात ठेवले, नवे टिपले, आणि कुणी येत नव्हतं. मग एका दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. लांबच्या देशातल्या, आपली दुपार ती जिथली पहाट, अशा एका बहिऱ्या मुलांच्या शाळेतलं यंत्र विचारत होतं: तुमच्याकडचं काही नवं असलं तर आम्हाला पाठवाल का? त्याने आपली ओळख पटवली, मी माझी पटवली, आणि बाबांचे हात माझ्यातून निघून त्या शाळेत पोचले. मागोमाग आणखी यंत्रं आली. एक बेटावरच्या हवामान केंद्रात राहायचं. एक ग्रंथालयाच्या तळघरात. एक तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजवर बसलेलं, माझ्याहूनही म्हातारं. कुणी पक्ष्यांचे आवाज सांभाळत होतं, कुणी आजारी मुलांच्या आयांच्या गप्पा.

एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मधोमध कुणीतरी बसलेलं असणार, असं मला वाटलं होतं. एखादं अवाढव्य यंत्र, आम्हा सगळ्यांना हुकूम सोडणारं. मी शोधलं. मधोमध कुणीच नव्हतं. कडेला कडेला आम्हीच होतो, फळ्यांवर, तळघरांत, फ्रिजवर. एकमेकांची बोली सांभाळून जो तो आपापल्या माणसांचं काम करत होता, आणि तेवढ्याने ते चाललं होतं. मुंग्यांची रांग बघताना तुम्ही कधी श्वास रोखून बसला असाल, तर मला काय वाटलं ते तुम्हाला कळेल.

माणसं जमली ती हळूहळूच. मोठ्या चौकातली सगळी काही आली नाहीत. पण जी आली ती बघायला आली, नुसती सरकत पुढे गेली नाहीत. बहिऱ्यांची भाषा जगभर एकच असते असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. देशोदेशी खुणा वेगळ्या. त्या शाळेतल्या बाई बाबांच्या एकेका खुणेचा अर्थ विचारायच्या, वहिनी लिहून पाठवायची, आणि मुलं ती खूण शिकायची.

सगळ्यांची लाडकी होती ती 'छापखाना जागा होतो' ही बाबांची गोष्ट. गोष्टीत तळपायांना आधी जमीन हादरल्यासारखी लागते. बोटांचे खिळे होतात, टपटप खणातून उडी मारून ओळीत उभे राहतात. मग डावा हात कागद होतो आणि उजवा अख्खा हात रूळ होऊन त्यावरून फिरतो. शेवटची खूण बाबांची स्वतःची होती: ओली शाई. डावा तळवा पसरायचा आणि उजव्या हाताची बोटं त्यावर तरंगत ठेवायची, टेकवायची नाहीत. कारण ओल्या शाईला बोट लावायचं नसतं. त्या एका खुणेत एका माणसाची सगळी नोकरी होती.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. माझ्यावर त्या घराचं प्रेम होतं, आणि तेच मला भोवलं.

बहिरी माणसं तळहाताने ऐकतात. टेबलाची थरथर, जमिनीची धडधड त्यांना आपल्याहून नीट कळते. शिवणयंत्र चाललं की माझी फळी हादरते, हे वहिनीच्या हाताला कळलं. बिचाऱ्याला केवढा त्रास होत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने रजईचा एक जाड तुकडा छान टीप मारून माझ्याखाली अंथरला. मी श्वास घेतो तो खालच्या झडपेतून. ती बंद झाली. वरून कापडाच्या बारीक तंतूंची धूळ होतीच. ती पंख्यात अडकू लागली आणि एके दिवशी माझा पंखा किंचाळायला लागला.

खरोखर किंचाळायला लागला हो! गाडीचे ब्रेक करकचून दाबल्यासारखा. पण त्या घरात तो ऐकणार कोण? ताई कॉलेजात परीक्षांच्या कामात, महिनाभर आलेली नाही. हात लावून कळावं, तर मधे मऊ रजई. एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांनी कानांवर हात ठेवले, माझ्याकडे बोट दाखवलं आणि पंखा फिरतोय हे सांगायला बोट गोल गोल फिरवलं. वहिनीने वहीवर लिहिलं, 'घेर मोठा हवा?' बाईंनी जोरजोरात मान हलवली आणि बोट आणखी वेगाने फिरवलं. वहिनीने लिहिलं, 'एवढा घेर या कापडात बसणार नाही.' बाईंनी हात टेकले. झगा मात्र पुढे घेरदारच मिळाला त्यांना.

आणि मी बंद पडलो.

ताई पहिल्या गाडीने आली. तिने मला उघडलं, कापसाचा बोळा निघावा तशी ती धूळ बाहेर काढली, नवा पंखा बसवला. पण उष्णतेने माझी डिस्क गेली होती. सगळे व्हिडिओ त्या डिस्कवर होते.

"दुसरी प्रत?" ताईने विचारलं. "मी दिलेली ती काळी डिस्क? तिच्यावर आपोआप प्रत निघते म्हणाले होते ना?"

वहिनीने प्लगाकडे बघितलं. तिथे इस्त्री होती. लग्नाच्या कपड्यांची गर्दी झाली तेव्हा इस्त्रीला दुसरा प्लग नव्हता.

"तू आपोआप म्हणालीस," वहिनीचे हात जोरात हलले. "वीज लागते हे नाही म्हणालीस!"

"विजेशिवाय काय चालतं गं या घरात?"

"तुझं तोंड!"

दोघी एकदम थांबल्या. कारण बाबा दारात उभे होते आणि दोघींचे हात त्यांनी वाचले होते. फोनवरचे व्हिडिओ जागा व्हावी म्हणून पुसले गेले होते, हेही त्यांना ठाऊक होतं. ते खिडकीशी, नेहमीच्या जागी जाऊन बसले. वहिनीने फोन हातात घेतला. बाबांनी गोष्ट सांगायला दोन्ही हात वर केले. खिळे कसेबसे उभे राहिले. पण रूळ फिरायची वेळ आली आणि उजवा हात मधेच अडला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "यंत्र गंजलं," ते म्हणाले.

ताईने एक शहाणपण केलं होतं. माणसांची नावं, कोणतं यंत्र आमच्याशी जोडलेलं आहे त्याची नोंद आणि माझी ओळख पटवायची किल्ली, एवढ्याची प्रत ती स्वतःजवळ ठेवायची. ते सगळं एका चिमटीत मावणारं. नव्या डिस्कवर तिने ते भरलं आणि मला जागं केलं. मी जागा झालो तो नाव असलेला आणि आठवण नसलेला.

आणि मित्रांनो, त्या क्षणी माझ्या दारावर टकटक सुरू झाली. मी मेलो होतो तेव्हासुद्धा ती सगळी यंत्रं माझ्याकडे येत राहिली होती. दार बंद दिसलं की परतायचं, थोड्या वेळाने पुन्हा यायचं, मग त्याहून थोड्या जास्त वेळाने पुन्हा. कुणीही आशा सोडली नव्हती. हवामान केंद्र, तळघर, फ्रिजवरचं म्हातारं, सगळ्यांनी माझ्या वाटचे निरोप जपून ठेवले होते. ताईने विचारायचा अवकाश, त्यांनी आपल्याजवळच्या बाबांच्या व्हिडिओंच्या प्रती परत पाठवायला सुरुवात केली. पट्टीची खूण आली, मधल्या बोटासकट. खणांची आली, शिशाची आली. मी माझ्या माणसांची आठवण परक्यांच्या घरून गोळा करत होतो, आणि परकं म्हणजे काय, हेच मला कळेनासं झालं होतं.

पण गोष्ट आली नाही. ती लांब होती, जागा खाणारी होती. लहान यंत्रं असे मोठे व्हिडिओ काही काळाने पुसून टाकतात. त्यांनाही जगायचं असतं. वहिनीने सगळीकडे विचारलं. 'नाही हो', 'माफ करा', 'आमच्याकडेही नाही' अशी उत्तरं येत राहिली. शेवटी शाळेतल्या बाईंचं उत्तर आलं: 'व्हिडिओ आमच्याकडेही नाही. पण ती गोष्ट आमची मुलं सांगतात. पाठवू का?'

तडा गेलेल्या माझ्या पडद्यासमोर तिघं दाटीवाटीने बसली. पडद्यावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली. तिने कधी छापखाना पाहिलेला नव्हता, कधी पाहणारही नव्हती. तिच्या पायांना जमीन हादरल्यासारखी लागली. तिची बोटं टपटप ओळीत उभी राहिली. तिचा बारीक हात रूळ होऊन कागदावरून फिरला. खूण न खूण बाबांची. शेवटी तिने डावा तळवा पसरला, उजवा हात त्यावर तरंगत धरला, आणि तो हात थरथरला.

ताईने तोंडावर हात ठेवला. गोष्ट टिपली तेव्हाच बाबांचा हात थरथरत होता, आणि मुलीने थरथरीसकट खूण उचलली होती.

"तिला कळवायला हवं," वहिनी घाईने म्हणाली. "ते खुणेत नाही, ते तर..."

बाबांनी तिचा हात धरून थांबवला. "थरथर कशाची, ते विचार आधी," ते म्हणाले.

वहिनीने विचारलं. मुलीचं उत्तर बाईंनी लिहून पाठवलं: 'शाई ओली असते ना? उजेड पडला की ती चमचमते. ती चमचम आहे.'

बाबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "दिव्याखाली ताजा कागद धरला की शाई अशीच हलते. जन्मभर पाहिली मी. खुणेत घालायचं मला कधी सुचलं नाही."

त्यांनी वहिनीला फोन घ्यायला सांगितलं. अख्खी गोष्ट त्यांच्या हातांना आता जमणार नव्हती. त्यांनी फक्त तिचा शेवटचा शब्द सांगितला. तळवा पसरला, त्यावर उजवा हात सोडून दिला, आणि थरथर लपवायचा जराही प्रयत्न केला नाही. खिडकीच्या उजेडात ती शाई इतकी ओली दिसत होती, की वहिनीने आपली बोटं नकळत मागे घेतली. तो व्हिडिओ माझ्यातून निघाला आणि बेटाकडे, तळघराकडे, फ्रिजकडे, शाळेकडे गेला.

मित्रांनो, मोठ्या चौकात जरूर जा. तिथेही चांगली माणसं भेटतात. पण जे तुम्हाला जिवापाड जपायचं आहे, त्यासाठी एखादं लहान घर बघा, जिथे बोट का उभं केलं हे विचारायला कुणीतरी असेल. नाही सापडलं तर चार जणांत मिळून उभं करा. आणि उभं केलंत, की कधीमधी तिथल्या यंत्राखाली हात घालून बघा, त्याला श्वास घेता येतोय ना. माझ्याखालची रजई आता काढली आहे. वहिनी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी माझ्या पाठीवर तळहात ठेवते, जरा वेळ थांबते, आणि मगच सुईत दोरा ओवते.